विज्ञान अवघड की शब्द अवघड?



गेल्या वर्षभरात मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला. गावात शाळा आहे, आश्रमशाळा आहे, सरकारी वसतिगृह आहे. मग आपल्या देणगीतून वेगळी शिकवणी कशाला? आणि शिकवणी घ्यायचीच, तर ती विज्ञानाची का? प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याला त्याचे उत्तर मिळायला हवे, म्हणून हा लेख.

आमचे काम नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव परिसरातील सातपुड्याच्या पाड्यांवर चालते. येथील मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात. मराठी त्यांना शाळेत भेटते. आपण म्हणतो की ती मातृभाषेतून शिकतात. पण ती भाषा आपल्या आईची असते, त्यांच्या आईची नव्हे. आठवीपर्यंत बोलण्यापुरती मराठी बहुतेकांना येते. मग नववी-दहावीचे विज्ञानाचे पुस्तक हाती पडते आणि त्यातली मराठी तर पुण्या-नाशिकच्या घरांतही कोणी बोलत नाही. विभवांतर, अपवर्तन, अप्रकट उष्मा. मुलगा ओळ वाचतो, पाठही करतो. पण ती ओळ कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही.

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग असतात. प्रत्येकी ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, भिंगे, धातू, कार्बनी संयुगे. दुसऱ्या भागात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव, पर्यावरण. परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. आमच्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे किंवा साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, ती होळीला परततात. धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी बहीण बरोबर गेली, की अभ्यासाचे नेमके महत्त्वाचे महिने बुडतात. इतिहासाचा धडा चुकला तर पुढचा वाचता येतो. विज्ञानात मात्र नववीचे राहिले तर दहावीचे उभेच राहत नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी आमच्या संध्याकाळच्या वर्गात येऊ लागली. पहिल्या चाचणीत तिला विज्ञानात ४० पैकी ६ गुण होते. मी तिला जवळ बसवून प्रेमाने म्हटले, “बाई, विज्ञान तुला झेपणार नाही. दहावी कशीबशी काढ आणि पुढे आर्ट्स घे.” ती मान हलवून “हो ताई” म्हणाली. मला वाटले, मी तिच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. तिला विज्ञान समजत नाही की आम्ही सांगत असलेले शब्द समजत नाहीत, हे तपासण्याची तसदी मी घेतली नव्हती.

ती तपासणी केली आमच्या शिकवणाऱ्या दादाने. तो याच भागातला, पावरा समाजातला, बी.एस्सी. झालेला तरुण. त्याने एके दिवशी पुस्तक बंद करून मुलांना पावरीत विचारले, “शेतातला पाट बघितला आहे ना? पाणी का वाहते?” सगळ्यांनी हात वर केले. डोंगराच्या कडेने पाट काढून पाणी शेतात आणणे हे त्यांचे घरचेच काम. वरचे टोक उंच आणि खालचे टोक सखल, म्हणून पाणी वाहते. दोन्ही टोके एका पातळीत आली तर पाणी जागीच थांबते, असे मुलांनीच सांगितले. मग तो म्हणाला, “तारेतही असेच. दोन टोकांच्या विद्युत पातळीत फरक असेल तरच धारा वाहते. त्या फरकाला पुस्तकात विभवांतर म्हणतात.” त्या सहा गुणांच्या मुलीने तो शब्द फळ्यावर जाऊन स्वतःच्या हाताने लिहिला.

तेव्हापासून आमच्या शिकवणीचा क्रम ठरला. आधी मुलांनी पाहिलेली वस्तू किंवा हाताने केलेले काम. त्यावर घरच्या भाषेत बोलणे. मग पुस्तकातला शब्द, त्याचे तुकडे पाडून. सर्वांत शेवटी चिन्ह, सूत्र आणि गणित. शाळेत वेळेच्या ओढीने हा क्रम बहुधा उलटा होतो. एका शिक्षकाला साठ-सत्तर मुले सांभाळायची असतील, तर त्यात त्याचा दोष नाही. आमच्या वर्गात सोळा-सतरा मुले असतात म्हणून आम्हाला हे जमते. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ वर्ग असतो. वीज गेली तर सौर दिव्यावर.

अप्रकट उष्म्याचा धडा आम्ही चुलीवर शिकवतो. पातेल्यात पाणी ठेवून तापमापी धरायची. तापमान वाढत वाढत उकळीपाशी येते आणि तिथेच थांबते. खाली जाळ तर चालूच आहे. मग ही उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात ती खर्च होते, तापमानात दिसत नाही. दिसत नाही म्हणून अप्रकट. एवढे झाल्यावर एका मुलाने विचारले, “ताई, मोहाची काढतात तेव्हा वाफ परत पाणी होते, तेच का हे?” मंडळीत दारूबंदीवर बोलणारी मी क्षणभर गप्प झाले. पण मुलाचे बरोबर होते. वाफ होणे आणि ती थंड होऊन पुन्हा द्रव होणे, हे त्याने भट्टीपाशी बसून पाहिले होते. पुस्तकातले ऊर्ध्वपातन त्याला आमच्याआधी माहीत होते, फक्त नाव नव्हते. दारूचे दुष्परिणाम मी दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या दिवशी त्याला शाबासकी दिली.

मात्र ज्या धड्याने या शिकवणीबद्दलचे माझे मत कायमचे बदलले, तो नववीतला आनुवंशिकतेचा. त्यात एका आजाराचे नाव आहे, दात्रपेशी पांडुरोग. सगळी मुले ते नाव अडखळत वाचून पुढे गेली. दादाने कोपऱ्यातला विळा उचलून समोर धरला. “दात्र म्हणजे हा. रक्तातली तांबडी पेशी गोल असायची ती या आजारात विळ्यासारखी वाकते. तुम्ही याला सिकलसेल म्हणता.” वर्ग एकदम शांत झाला. सिकलसेल हा शब्द आमच्या पाड्यांवर आरोग्यसेविकेमुळे सगळ्यांना माहीत आहे. आजार घराघरांत आहे. तोच आजार आपल्या पुस्तकात आहे, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय आणि सांधे भयंकर दुखतात. त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडते. हा आजार स्पर्शाने, खाण्यापिण्याने किंवा कोणाच्या नजरेने होत नाही. तो आईवडिलांकडून येतो, आणि नेमका कसा येतो हे आम्ही मक्याच्या दाण्यांनी दाखवतो.

दोन लहान पिशव्या घ्यायच्या, एक आईची आणि एक वडिलांची. प्रत्येकीत एक पांढरा दाणा आणि एक पिवळा. पांढरा म्हणजे निरोगी जनुक, पिवळा म्हणजे सिकलसेलचा. एकेक दाणा असे दोन्ही असणारा माणूस वाहक असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे त्याला स्वतःलाही ते माहीत नसते. आता न बघता प्रत्येक पिशवीतून एक दाणा काढायचा. ते झाले बाळ. दोन्ही पांढरे आले तर बाळ निरोगी, एक-एक आला तर वाहक, दोन्ही पिवळे आले तर आजारी. दाणे परत टाकून पुन्हा काढायचे. आमच्या मुलांनी चाळीस वेळा काढले तेव्हा दोन्ही पिवळे अकरा वेळा आले. हिशेबाने दर चारांत एक, म्हणजे दहा. पण खेळातून मुलांना आणखी एक गोष्ट कळली. चार मुलांपैकी एकच आजारी होईल असे नाही. प्रत्येक बाळंतपणात पिशव्या नव्याने उघडतात. आणि दोघांपैकी एकाच्या पिशवीत दोन्ही दाणे पांढरे असतील, तर एकही बाळ आजारी होणार नाही. म्हणून लग्नाआधी तपासणी.

ती सहा गुणांची मुलगी वर्ग संपल्यावर मागे थांबली. तिच्या धाकट्या भावाला हा आजार होता. तिने विचारले, “ताई, म्हणजे एकटीच्या पिशवीतून आजार येत नाही ना? दोघांचा पिवळा दाणा लागतो ना?” मी हो म्हटले. ती म्हणाली, “घरी सगळे आईलाच बोलतात. तिच्या माहेरून आणला म्हणतात.”

त्या वर्षी तिचे आईवडील ऊसतोडीहून होळीला परतले, तेव्हा ती रुमालात चार दाणे बांधून घरी गेली. आजी आणि वडिलांसमोर तिने दोन पिशव्या मांडल्या. वडील काही बोलले नाहीत, असे तिने नंतर सांगितले. पण पुढच्या आठवड्यात ते स्वतः सगळ्या मुलांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला गेले. आजीला ते अजून पटलेले नाही. आईला मात्र आता घरात कोणी त्या आजारावरून बोलत नाही. (ही हकिकत कुटुंबाच्या परवानगीने लिहिली आहे, ओळख पटेल असा तपशील दिलेला नाही.)

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून प्रभूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोघांवरचाही दोष काढून टाकतो. मी या भागावर किती वेळा बोलले असेन. पण एका आईवरचा दोष माझ्या बोलण्याने उतरला नाही. तो नववीतल्या मुलीने चार दाण्यांनी उतरवला.

सरकारी पातळीवरही काम सुरू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ हे तिचे लक्ष्य आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या वयोगटाची तपासणी हा तिचा मुख्य भाग आहे. तपासणीचा कागद घरोघरी पोहोचेल. तो कागद वाचून समजावणारे मात्र त्या घरात कोणीतरी हवे. दहावीचे विज्ञान समजलेली मुलगी ते काम करू शकते. विज्ञानाचीच शिकवणी का, याचे माझे उत्तर हे आहे.

काही नियम आम्ही स्वतःला घालून घेतले आहेत. वर्गात कोणाला आजार आहे किंवा कोण वाहक आहे हे कधीही विचारत नाही. ज्याला सांगायचे असेल तो नंतर सांगतो. आणि वर्ग सर्वांसाठी आहे. ख्रिस्ती घरातली मुले येतात, तशी आपला जुना धर्म पाळणाऱ्या घरांतलीही. त्यांना येण्यासाठी कोणतीही अट नाही.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. ती मुलगी दहावी पास झाली, विज्ञानात बरे गुण मिळवून. तिने माझा सल्ला मानला नाही याबद्दल देवाचे आभार. ती आता अकरावी विज्ञानाला आहे आणि तिथे सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत. विभवांतर कळायला तिला एक वर्ष लागले होते. आता त्याच वस्तूचे तिसरे नाव पाठ करायचे आहे. गेल्या महिन्यात तिने फोनवर सांगितले, “ताई, सोडून द्यावेसे वाटते.” या वेळी मी सल्ला दिला नाही. दादाला सोबत घेऊन रविवारी तिच्या वसतिगृहात गेले. आम्ही तिघांनी मिळून पहिल्या धड्यातल्या शब्दांची वही केली: एका रकान्यात पावरी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. चाळीस शब्द झाले.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी लोकांमध्ये उभे राहून त्याचा अर्थ समजावतात, तेव्हा कुठे लोकांना आनंद होतो. नुसत्या वाचनाने भागले नव्हते. आमच्या संध्याकाळच्या वर्गात अर्थ समजावणाऱ्यांची गरज आहे.

म्हणून तीन विनंत्या. आपल्या मंडळीत निवृत्त विज्ञान शिक्षक, परिचारिका किंवा प्रयोगशाळेत काम केलेले कोणी असतील, तर त्यांनी दिवाळीच्या सुटीत आठवडाभर आमच्याकडे यावे. राहण्याजेवणाची सोय आम्ही करू. जुनी गाइडे पाठवू नयेत, त्यांचा ढीग आहे. त्याऐवजी तापमाप्या, भिंगे, तारा आणि साधे बल्ब पाठवावेत. आणि अकरावीला गेलेल्या मुलांसाठी, विशेषतः इंग्रजीच्या भीतीने मागे फिरण्याच्या विचारात असलेल्यांसाठी, आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत आठवण ठेवावी.

प्रभूच्या सेवेत, आपली बहीण.