कुलपावरचा कर

कुवेतमधली चार मराठी घरं एकत्र जमली की राजकारण निघतंच, आणि राजकारणावरून गाडी हमखास फ्लॅटवर येते. कुणाचा हिंजवडीत, कुणाचा घोडबंदर रोडला, कुणाचा नाशिकला गंगापूर रोडवर. इथे मात्र आपण सगळेच भाडेकरू. आपल्यासारख्यांना इथे राहतं घर विकत घेता येत नाही, पगारावर आयकर नाही, मग उरलेले दिनार मायदेशातल्या विटा-सिमेंटात जातात.

अशा वेळी कुणी म्हणालं की भारतात जादा घरांवर कर लावायला हवा, तर लगेच दोन तट पडतात. आमच्या ओळखीतले एक काका म्हणतात, "पन्नास डिग्रीत राबून घेतलाय फ्लॅट. तिथलं पाणी वापरत नाही, कचरा टाकत नाही, मग कर कसला?" एक वहिनी त्यांना सांगतात, "काका, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा दोघंही कमावतात, तरी पुण्यात दर अकरा महिन्यांनी सामान बांधतात. समोरच्या टॉवरमध्ये रात्री निम्म्या खिडक्या अंधारात असतात."

दोघांचंही म्हणणं मला पटतं, म्हणून आकड्यांकडे वळावं लागतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी आढळली, त्यांपैकी जवळपास ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत. पुढच्याच वर्षी सरकारी अभ्यासगटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरं कमी असल्याचं सांगितलं. सगळी रिकामी घरं आपली नव्हेत, आणि ती उघडल्याने झोपडीतल्या माणसाची सोय लगेच होणार नाही. पण घरं कमी आणि कुलपं जास्त, हे खरंच.

यात गंमत अशी की आपली करपद्धत कुलपालाच सोयीची आहे. आयकरात दोन घरं 'स्वतःच्या वापरातली' धरून त्यांचं उत्पन्न शून्य मानता येतं. २०१९ पर्यंत ही मुभा एकाच घराला होती. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तर 'तुम्ही तिथे का राहत नाही?' हा प्रश्नही सोडून दिला. तेच घर भाड्याने द्या: भाड्यावर आयकर, सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क, पुण्यात असाल तर स्वतः राहणाऱ्याला मिळणारी मिळकतकरातली ४० टक्के सवलतही जाते. शिवाय मालक अनिवासी असला तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्क्यांहून अधिक कर कापून सरकारजमा करायचा. कोणता भाडेकरू ही कटकट घेईल? त्यापेक्षा कुलूप बरं, असं माणसाला वाटलं तर नवल नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९५७ च्या संपत्तीकर कायद्यात नंतर आलेल्या तरतुदींनुसार एक घर करमुक्त होतं, आणि वर्षात किमान ३०० दिवस भाड्याने दिलेलं घरही संपत्तीत धरत नसत. ३० लाखांवरच्या संपत्तीला १ टक्का कर होता. म्हणजे भाडेकरूला छप्पर देणाऱ्या मालकाला सूट होती आणि जादा घर बंद ठेवणाऱ्याला कर. पण वसुली फुटकळ, २०१३-१४ साली देशभरातून सगळी मिळून १,००८ कोटी. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो कर रद्द केला.

'कर नसलेला देश' म्हणून आपण ज्या कुवेतचं कौतुक करतो, तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही. इथल्या नागरिकाला सरकार प्लॉट आणि बिनव्याजी कर्ज देतं, पण त्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं, आणि बाजारातली जमीन मोजक्या हातांत. म्हणून २०२३ च्या अखेरीस इथल्या संसदेने कायदा केला: एका मालकाकडे १,५०० चौरस मीटरहून अधिक निवासी जमीन मोकळी पडून असेल, तर वरच्या प्रत्येक चौरस मीटरला वर्षाला १० दिनार, आणि दरवर्षी १० दिनारांनी वाढत १०० दिनारांपर्यंत. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातही २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर आहे.

आपल्या या चर्चेत एक आवाज मात्र कधीच नसतो. १२ जून २०२४ ला पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि नंतर ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने मायदेशी गेले. एका खोलीत दाटीवाटीने राहणारे असे कितीतरी जण गावी एकच घर बांधायला आयुष्याची कमाई लावतात. कर लावताना त्यांच्या त्या घराला हात लागता कामा नये.

म्हणून माझं मत सरळ आहे. कुटुंबाचं पहिलं घर, ते बंद असलं तरी, सोडून द्या. दुसरं भाड्याने दिलं तर कर हलका करा, अनिवासी मालकाच्या भाडेकरूची कापाकापी सोपी करा. त्यापुढे जे घर वर्षानुवर्षं बंद, त्यावर कर लावा. काकांनी पाणी वापरलं नाही हे कबूल. पण त्यांच्या फ्लॅटची किंमत वाढली ती मेट्रो, रस्ते आणि शाळा झाल्या म्हणून, आणि त्या तिथे राहणाऱ्यांच्याही करातून झाल्या.

काकांना हे अजून पटलेलं नाही. पण हिंजवडीच्या फ्लॅटला चांगला भाडेकरू कुणाच्या माहितीत आहे का, असं परवा त्यांनीच वहिनींना विचारलं.