खऱ्या-खोट्या मेसेजचा धडा दहावीच्या पुस्तकात आहे, मग अडतं कुठे?

वर्धा : जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत स्मार्टफोन असतो बापाचा, पण तो चालवतात नववी-दहावीतली पोरं. कापसाचा भाव, सातबारा, पीकविमा, सगळं तीच पाहून सांगतात. ‘पीएम किसान’च्या नावानं एपीके फाईल आली तर उघडायची की नाही, हेही त्यांनाच विचारलं जातं. अशी फाईल टाकून घेतली की ओटीपी चोराच्या हाती लागतात नि खातं साफ होतं. आलेला मेसेज कसा तपासायचा हे शाळेत शिकवायला पाहिजे, यावर शिक्षकांचं दुमत नाही. घोडं अडतं ते पुढे.

धडा तसा आधीच आहे. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे. त्यात ‘दर्पण’पासून दूरदर्शनपर्यंतची माहिती आहे आणि माध्यमांतलं सगळं जसंच्या तसं खरं मानू नये, हेही सांगितलं आहे. उदाहरण ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचं. हिटलरच्या रोजनिशा सापडल्या म्हणून या साप्ताहिकानं लाखो मार्क मोजून त्या घेतल्या आणि एप्रिल १९८३ मध्ये छापायला काढल्या. दोन आठवड्यांच्या आत सरकारी तपासणीत त्या बनावट निघाल्या. कागदात सापडलेलं रसायन हिटलर मेल्यानंतरच्या काळातलं होतं.

गंमत पुढे आहे. अक्षर आधी जाणकारांना दाखवलं होतं आणि त्यांनी ते खरं ठरवलं होतं. पण ताडून पाहायला दिलेले काही नमुनेही त्याच भामट्यानं, कोन्राड कुजाऊनं, लिहिलेले होते! गावात वेगळं काय होतं? एका ग्रुपवरचा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर दिसला की तो पक्का समजतात. दोन्हीकडे टाकणारा एकच असू शकतो, हे कोणी पाहत नाही.

हे वर्गात रंगवून सांगता येतं. पण इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. पोरं टीप पाठ करतात, गुण मिळवतात आणि घरी जाऊन तोच फॉरवर्ड पुढे ढकलतात. पेपरात विचारत नाहीत ते शिकवायला तास कुठून काढायचा, अशी शिक्षकांची अडचण आहे. दुसरी अडचण उघड बोलली जात नाही. तपासायला मेसेज घ्यायचा तर तो एखाद्या पक्षाचा नाही तर समाजाचा निघतो आणि संध्याकाळी पालक सरांच्या दारात येतात. भीती खोटी नाही. पण म्हणून विषयच सोडायचा, हे पटणारं नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथं पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. टोळीची अफवा त्याआधी मोबाईलवर फिरत होती.

त्याच वर्षी केरळच्या कन्नूर जिल्ह्यात प्रशासनानं सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास सुरू केले. लसीबद्दलच्या अफवांमुळे पालक पोरांना लस द्यायला कचरत होते, त्यातून हे सुचलं.

आपल्याकडे सुरुवात राजकारण न आणताही होते. बियाण्याचा, कर्जमाफीचा नाही तर शाळेच्या सुट्टीचा मेसेज घ्या. त्यावर दोन बाण दिसले की तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला आहे. फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर बहुतेक वेळा आधी कुठे छापला ते निघतं. सुट्टीचं पत्र असेल तर तारीख नि जावक क्रमांक पाहा आणि मुख्याध्यापकांना विचारा. एवढं एका तासिकेत होतं.