बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लेख का लिहावा, असा प्रश्न माझ्या मित्रांनी केला. उत्तर असे की, आमच्या घरी मोटार हा यंत्रशास्त्रापेक्षा हिशेबाचा विषय होऊन बसला आहे. लाटंबार्सेला आमच्या काकांकडे एक जुनी ‘रेवा’ आहे. विजेवर चालणारी ही चिमुकली गाडी बंगळूरच्या कारखान्यातून २००१ साली बाजारात आली. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. २०१० मध्ये कंपनी महिंद्रांकडे गेली, २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ हे नवे मॉडेल आले, आणि जुनी रेवा मागे पडली. आजीला डिचोलीला डॉक्टरांकडे न्यायला मात्र काकांना तीच लागते. आजी तिला ‘पेटी’ म्हणते.

गेल्या पावसाळ्यानंतर ही पेटी सात-आठ किलोमीटरांतच धापा टाकू लागली. एका दुरुस्तीवाल्याने वरवर पाहून निकाल दिला, “सगळ्या बॅटऱ्या बदला, नाहीतर भंगारात द्या.” सांगितलेली किंमत ऐकून काका ओसरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

बंद झालेल्या गाडीचा भाग महाग का पडतो, हे आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. भाग बनवायला साचा लागतो. साच्याचा खर्च लाख नगांवर वाटला तर नगामागे नगण्य, शंभर नगांवर वाटला तर डोईजड. शिवाय गिऱ्हाईक कधी येईल याचा भरवसा नसताना दुकानदाराने माल वर्षानुवर्षे फळीवर का ठेवावा? त्याचेही भांडवल अडकतेच.

याचे जगातले ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या टेस्ला कंपनीची ‘रोडस्टर’ ही विजेवरची स्पोर्ट्‌स कार. २००८ ते २०१२ या काळात तिच्या अवघ्या २,४५० च्या आसपास गाड्या निघाल्या. तिचा सांगाडा इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या ‘एलिस’ गाडीवरून घेतलेला. एलिसशी जुळणारे थोडे भाग लोटसच्या बाजारात धुंडाळता येतात. पण ६,८३१ लहान घटांची बॅटरी आणि तिचे वीजनियंत्रण हे टेस्लाचे स्वतःचे, आणि मालकाचा खिसा तिथेच रिकामा होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने या गाडीचे बरेच आराखडे व दुरुस्तीची पुस्तके सर्वांसाठी खुली केली. आराखडा हाती आला तरी वस्तू कोणीतरी घडवावी लागतेच, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा पहिला प्रश्न ‘हा भाग कुठे मिळेल?’ असा नसून ‘हा भाग मुळात कोणाचा?’ असा हवा. आमच्या रेवात पुढच्या बैठकीखाली सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत, ओळीने जोडलेल्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. अशा बॅटऱ्या गोल्फच्या मैदानावरील गाड्यांतही असतात. म्हणजे ही वस्तू रेवाची नव्हेच! ती बॅटरीवाल्याकडे मागायची, मोटारवाल्याकडे नव्हे.

पण मागण्यापूर्वी तपासायची. ओळीतली एक बॅटरी आजारी पडली की आठही आजारी दिसतात. आम्ही रात्रभर चार्ज करून, काही तास थांबून प्रत्येकीचे व्होल्ट वेगवेगळे मोजले. चांगली बॅटरी सहापेक्षा थोडे वर दाखवते. प्रत्येक बॅटरीत तीन घट, घटागणिक दोन व्होल्ट. एक घट मेला की आकडा चारावर येतो. हायड्रोमीटरने आम्लही पाहिले. (हातातले घड्याळ आणि अंगठी आधी काढावी. पाना आडवा पडला तर ४८ व्होल्टही लोखंड वितळवतात.) आठांपैकी सहा ठणठणीत, दोघींचा एकेक घट गेलेला, आणि एका टोकाला हिरवट गंज. एवढ्यासाठी आठ नव्या!

आता दोन कोऱ्या आणाव्यात, तर जुन्यांच्या ओळीत नवी बॅटरी घातली की जुन्या तिलाही आपल्याबरोबर ओढतात. म्हणून त्याच वयाच्या, पण सुस्थितीतल्या हव्यात. येथे माझे आजोळ कामी आले. बेळगावला आजोळी राहून शिकत असल्याने कन्नड तोंडवळणी पडले आहे. दिवाळीच्या सुट्टीत रात्रीची बस धरून मीटरसह बंगळूर गाठले. जे. सी. रोडवर दुकानेच दुकाने, पण तेथे सगळे नव्या गाड्यांचे. शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात मात्र एक मोडीत काढलेली रेवा भेटली. “एष्टु?” म्हणून विचारले तेव्हा एक भाव होता, “स्वल्प कडिमे माडि” म्हटल्यावर मालक हसला आणि भाव बराच उतरला. चारांतून मोजून दोन निवडल्या, लॉरीने पाठवल्या. खराब दोन येथील बॅटरीवाल्याने शिशाच्या भावाने घेतल्या, त्यात लॉरीचे भाडे सुटले. आता गाडी एका चार्जमध्ये तीसेक किलोमीटर जाते. डिचोलीला जाऊन येऊन शिल्लक राहतात.

एक अडचण उरली आहे. मागच्या डाव्या दिव्याची काच फुटली आहे आणि ती खरोखरच फक्त रेवाची. बंगळूरच्या त्या मोडक्या गाडीची काच माझ्या आधीच कोणीतरी नेली होती. सध्या काकांनी तेथे लाल प्लॅस्टिक चिकटवले आहे, पावसात ते सुटते. कोणाच्या गावी परसात कोंबड्यांखाली एखादी रेवा पडली असेल, तर मला जरूर कळवावे. कन्नड विभागाच्या वाचकांनीही.