जुन्या स्वेटरची बाळतुमान

मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला तर पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. मोठी माणसं शेकोटीजवळ बसतात, घोंगडी पांघरतात. तान्ह्या बाळाने काय करावं? त्याचं अंग लहान. अंगातली ऊब लवकर निघून जाते. लंगोट ओला झाला की ते आणखी गारठते. थंडीने तान्हे मूल दगावूही शकते. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

पुष्कळ घरांत एखादा जुना लोकरीचा स्वेटर पडलेला असतो. कोपरावर विरलेला, कुठे कसर लागलेला. तो फेकू नका. त्याच्या दोन बाह्यांची बाळाला छान तुमान होते. मशीन लागत नाही. सुई-दोरा पुरे.

लोकर का आटते?

लोकर म्हणजे मेंढीचा केस. या केसावर बारीक खवले असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. गरम पाणी आणि साबण लावून चोळलं, की हे खवले एकमेकांत अडकतात. मग ते सुटत नाहीत. कापड आटतं आणि जाड होतं. काश्मीरचा नमदा असाच बनतो. तो मागावर विणत नाहीत. लोकर पसरून, भिजवून, दाबून तयार करतात.

एरवी स्वेटर आटला की आपण हळहळतो. इथे तो मुद्दाम आटवायचा. का बरे? साधा स्वेटर कापला की त्याची वीण उसवत जाते. आटलेला स्वेटर कापला तरी उसवत नाही. जाड लोकरीत हवा अडकून राहते. ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर थोडी ओल शोषून घेते, तरी अंगाला लगेच गार लागत नाही.

जुनी लोकर पुन्हा वापरणे नवे नाही. इंग्लंडातल्या बॅटली गावी १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढू लागले. आपल्या देशात हरियाणातले पानिपत या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे जुन्या लोकरी कपड्यांची ब्लँकेटे होतात.

आधी लोकर पारखा

बाजारातले पुष्कळ स्वेटर लोकरीचे नसतात. ते आटत नाहीत. पारख सोपी आहे. स्वेटरचा एक धागा काढा. चिमट्यात धरून दिव्यावर न्या. मुले दूर ठेवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर ती लोकर. धागा वितळून त्याची कडक गोळी झाली, तर तो बनावट धागा.

आता आटवा

स्वेटर वेगळा धुवा, त्याचा रंग जातो. कढत पाण्यात साबण घालून तो बुडवा. काठीने ढवळा. हात घालण्याइतके पाणी निवले की दगडावर चांगला चोळा. मग गार पाण्यात पिळा. असे दोन-तीन वेळा करा. वीण दिसेनाशी झाली की झाले. साबण पुरा काढा आणि वाळत घाला. काही लोकर न आटण्यासाठी कारखान्यातच तयार केलेली असते. ती आटली नाही तर नाद सोडा.

कापणे आणि शिवणे

माप आटल्यावरच घ्या. बाळाच्या बेंबीपासून लंगोटाखालून मागे कमरेपर्यंत दोरा धरा. त्याचे निम्मे करा. त्यात नेफ्यासाठी तीन बोटे मिळवा.

दोन्ही बाह्या खांद्याशी सरळ कापा. बाहीची खालची शिवण वरच्या टोकापासून तेवढीच उलगडा. दोन्ही बाह्या उलट्या करून शेजारी ठेवा. उलगडलेल्या कडा समोरासमोर येतील. पुढची कड पुढच्या कडेला, मागची मागच्या कडेला जोडा. दुहेरी दोरा घ्या आणि उलटी टीप घाला. दोन पायांच्या मधे ताण येत असेल, तर तिथे चौकोनी तुकडा जोडा. लंगोटाला जागा होते.

वरची कड दुमडून नेफा करा. त्यात सैल इलॅस्टिक ओवा. पोटावर वळ उठता कामा नये. लांब नाडी लोंबती ठेवू नका. टाचणी, लहान बटण लावू नका. मनगटाची पट्टी बाळाच्या पायाला घट्ट होत असेल, तर कापून टाका.

हे ध्यानात ठेवा

लोकर अंगाला टोचते. आत जुन्या धोतराचा मऊ लंगोट असू द्या. लंगोट ओला झाला की लगेच बदला. तुमान ओली झाली तर तीही काढा. ती गार पाण्यात, न चोळता धुवा. नाहीतर आणखी आटेल.

बाळाच्या मानेला घाम आला, तर कपडे कमी करा. तळपाय आणि पोट दोन्ही गार लागले, तर बाळ गारठले असे समजा. ओले कपडे काढा. आईने बाळाला उघड्या छातीशी धरावे, वरून दोघांना पांघरूण घालावे, आणि तसेच दवाखान्यात न्यावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्या विषारी वायूने माणसे मरतात.

तुमान बाळाला ऊब देते. पण आईच्या अंगाची ऊब आणि कोरडा लंगोट हे आधी. तुमान त्यानंतर.