कंदाची शिदोरी

दिवाळीच्या सुमारास रावेर-यावलच्या शिवारात कांदेबाग केळीची लागवड उरकत आलेली असते. पूर्वी बसराईचे कंद लावत. कंदात अन्नसाठा असे. मुळे फुटेपर्यंत केळ त्या शिदोरीवर जगे आणि खताला उशीर झाला तरी तग धरी. आता ग्रँड नैनची ऊतिसंवर्धित रोपे येतात. पिशवीत मूठभर कोकोपीट, पाच-सहा पाने, नाजूक मुळे. शिदोरी मात्र नाही.

कोकोपीट म्हणजे काथ्याचा भुसा. पीट जमिनीसारखाच तो पाणी धरतो, पण पोसत नाही. भोवतालची तापीकाठची काळी माती चिकण आणि चुनखडीची. तिच्यात जस्त, लोह अडकून बसते आणि वर फेकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

प्रतिझाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश ही शिफारस संपूर्ण पिकासाठी आहे. लागवडीच्या घाईत त्यातला मोठा वाटा बुंध्याशी पडला, तर क्षार कोवळ्या मुळांचे पाणी ओढतात आणि पानांच्या कडा करपतात. मुळे भुशाबाहेर मातीत शिरेपर्यंत ठिबकातून थोडे-थोडे आणि वारंवार देणेच बरे. पौषातल्या थंडीत मुळांची भूक मंदावते. तेव्हा दिलेला जादा नत्र पाण्याबरोबर खाली जातो.

जुन्या माणसांचा खताचा अंदाज ढोबळ असला तरी निभावत होता, कारण कंद त्यांची चूक सांभाळून घेई. हे रोप चूक पदरात घेत नाही.