दवंडी, राउटर आणि शेअरबाजार

वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी एखादी सूचना सर्वांना कळवावयाची, तर पूर्वी दोन मार्ग असत. कोतवालाने घरोघर जाऊन सांगावयाचे, किंवा चौकात डफडे वाजवून एकदाच दवंडी पिटावयाची. पहिल्या मार्गात कोतवालाचे पाय दुखतात हे खरे. पण मोठा दोष निराळाच आहे. वेशीजवळच्या घराला बातमी सकाळी कळते, शेवटच्या घराला दुपारी. बातमी लसीकरणाची असेल तर फारसे बिघडत नाही. ती सोयाबीनच्या भावाची असेल, तर आधी कळलेला मनुष्य सौदा उरकून मोकळा होतो.

संगणकांच्या जाळ्यातही हेच दोन मार्ग आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठविणे याला युनिकास्ट म्हणतात. एकच प्रत पाठवून ती वाटेत गरजेपुरती वाढविणे याला मल्टिकास्ट. या दोहोंतील फरक केवळ तारेवरील गर्दीचा नाही, हे मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने फार महाग पडून दाखविले. तेथे दलालांचे संगणक बाजाराच्याच आवारात ठेवण्याची सोय होती. भावांची क्षणाक्षणाची माहिती प्रथम युनिकास्टने, म्हणजे एकामागून एक, दिली जाई. एका द्वाराशी जो आधी जोडला गेला त्याला ती आधी मिळे. 2014 पासून मल्टिकास्टचा अवलंब झाला. मागाहून, 30 एप्रिल 2019 रोजी, सेबीने 624.89 कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. रोखे अपील न्यायाधिकरणाने जानेवारी 2023 मध्ये तो रद्द केला. मात्र दक्षतेतील उणिवेबद्दल 100 कोटी भरावयास सांगितले. कोणाच्या घरी आधी जावयाचे, या प्रश्नाची किंमत एवढी असू शकते!

आता ही दवंडी चालते कशी? स्टीव्ह डीअरिंग या संशोधकाने 1989 साली तिचे नियम मांडले. 224 पासून 239 पर्यंतच्या आकड्याने सुरू होणारे पत्ते कोणा एका यंत्राचे नसून ऐकणाऱ्या समूहाचे असतात. ज्याला ऐकावयाचे असेल तो आपल्या जवळच्या राउटरला ‘मला या समूहात घ्या’ असे कळवितो. तो राउटर पुढच्याला कळवितो, पुढचा त्याच्या पुढच्याला. असे करीत मूळ स्थानापासून फांद्या फुटलेले झाड तयार होते. जेथे फांदी फुटते तेथेच प्रत वाढते. बोलणाऱ्याला ऐकणारे किती आहेत, हे ठाऊकही नसते.

दवंडी गावाबाहेर जाऊ नये, नि फिरून फिरून आपल्याच कानी येऊ नये, याचा बंदोबस्त राउटर बसविणाऱ्याला करावा लागतो. येथेच खरे कसब आहे. आलेले पॅकेट मूळ स्थानाकडे परत जाण्याच्या वाटेनेच आले आहे काय, हे राउटर पाहतो. भलत्या दाराने आले असेल तर टाकून देतो. ही तपासणी नसती, तर वर्तुळाकार जोडलेल्या तारांत एकाच पॅकेटच्या प्रती वाढत जाऊन सारे जाळे बंद पडले असते. 239 ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. पण ते आपोआप आत राहत नाहीत, सीमेवरच्या राउटरला तसे बजावावे लागते. कोण बोलू शकेल, किती समूह चालतील, यांवरही मर्यादा घालतात. ऐकणारे उठून गेले तर? राउटर ठराविक वेळाने, सामान्यतः दर 125 सेकंदांनी, ‘कोणी आहे का?’ म्हणून विचारतो. सुमारे 260 सेकंद कोणीच उत्तर दिले नाही की ती फांदी छाटतो. हे आकडे बदलता येतात, आणि नवशिके ते उगाच बदलतात.

एक उणीव मात्र राहते. दवंडीच्या वेळी जो शेतात होता, त्याला कोतवाल पुन्हा सांगावयास जात नाही. म्हणून भावांच्या पॅकेटांना अनुक्रमांक देतात. मधला क्रमांक चुकला असे दिसताच ग्राहक तेवढाच भाग निराळ्या वाटेने मागून घेतो.

मग सर्व जगात हीच रीत का नाही? समजा, केनवडात चाळीस घरी मोबाइलवर एकच क्रिकेटचा सामना चालला आहे. त्याच्या चाळीस स्वतंत्र प्रती येतात. कारण सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट सहसा चालू दिलेले नसते. एका कंपनीने दुसरीच्या दवंडीसाठी आपले राउटर राबवावयाचे, तर पैसे कोणी द्यावे, आणि कोणीही उठून डफडे बडवू लागला तर त्याला कोणी आवरावे, यांची उत्तरे कंपन्यांना एकमेकींत ठरविता आली नाहीत. जेथे सारे राउटर एकाच धन्याच्या हाती असतात, म्हणजे शेअरबाजारात किंवा तारेवरून दूरचित्रवाणी पुरविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात, तेथे ते सुरळीत चालते.