घरची शिदोरी

शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. दावीद आपल्या माणसांसह शत्रूचा माग काढीत जात असता त्यांना रानात एक मिसरी तरुण निपचित पडलेला आढळला. तो एका अमालेकी धन्याचा चाकर होता. आजारी पडताच धन्याने त्याला वाटेतच टाकून दिले होते. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटात ना अन्न गेले होते, ना पाणी. दावीदाच्या माणसांनी त्याला भाकरी दिली, पाणी पाजले, आणि मग अंजिरांच्या ढेपेतला एक तुकडा व मनुकांचे दोन घोस दिले. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

सैनिकांच्या झोळीत अंजिरे व मनुका का होत्या, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. फळ वाळले की त्यातील पाणी जाते, परंतु गोडवा व सत्त्व मागे राहते. ओझे हलके होते, पदार्थ लवकर नासत नाही, आणि थकलेल्या देहाला त्यापासून त्वरित बळ मिळते. त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सुज्ञ अबीगईल दावीदाच्या माणसांसाठी जे अन्न घेऊन गेली, त्यातही मनुकांचे शंभर घोस आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा होत्या. वाटसरूची व कष्टकऱ्याची शिदोरी अशी पुरातन काळापासून घरातच बांधली जात आली आहे.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली जुन्या खांडवा जिल्ह्यातून वेगळा झाला. तापीकाठची ही भूमी केळीची भूमी आहे. शासनाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ह्या योजनेत ह्या जिल्ह्यासाठी केळीचीच निवड झाली आहे. येथून घडांचे ट्रक भरभरून दूरच्या बाजारांत जातात. परंतु भाव कोसळला, वादळाने झाडे आडवी झाली, अथवा फळावर डाग पडले की तेच घड बांधावर कुजतात. इकडे राजपुऱ्यासारख्या वस्तीत सकाळी आईबाप कामाला जाण्याच्या घाईत असतात. मूल चहा घेऊन शाळेची वाट धरते आणि हातातील पाच-दहा रुपयांचे चकचकीत पुडके विकत घेते. त्यात बहुधा तेल, मीठ व मैदा ह्यांवाचून फारसे काही नसते. फळ शेतात कुजावे आणि त्याच गावातील मुलाने उपाशीपोटी फळा वाचावा, ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करते.

ह्यावर एक जुना उपाय आपल्याच बांधवांच्या घरी आहे. वसईच्या किनारपट्टीवर, विशेषतः आगाशीच्या परिसरात, राजेळी जातीच्या केळ्यांची ‘सुकेळी’ करण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पिकलेली केळी सोलून उन्हात मांडावयाची, सायंकाळी गोळा करून झाकून ठेवावयाची, पुन्हा सकाळी पसरावयाची, असे सुमारे आठवडाभर चालते. मग ती तांबूस व मधासारखी गोड होतात आणि केळीच्याच वाळल्या पानांत बांधली जातात. वसईच्या वाड्या आता घरांनी व्यापल्या, राजेळीची झाडे विरळ झाली, आणि हे काम थोड्याच घरांत उरले आहे. तथापि रीत जाणून घेण्यास कोणाची मनाई नाही. आणि आपल्या निमाडाचे कोरडे ऊन तर किनाऱ्यापेक्षाही ह्या कामास अधिक अनुकूल आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. राजेळी केळे जाड व घट्ट गराचे असते. आपल्याकडील बसराई किंवा ग्रँड नैन केळ्याचा गर मऊ व अधिक पाणीदार असतो; अख्खे ठेवल्यास ते आतून आंबण्याचा संभव असतो. म्हणून पिवळे झालेले, परंतु लिबलिबीत न झालेले फळ घ्यावे, सोलून त्याचे उभे चार भाग करावे आणि लिंबाच्या पाण्यातून काढावे, म्हणजे ते फार काळे पडत नाही. बाजेवर स्वच्छ कापड अंथरून फोडी एकमेकींस न चिकटतील अशा मांडाव्या व वरून मलमलीचे पातळ कापड ताणून बांधावे, म्हणजे माशी व धूळ दूर राहील. दिवसातून दोनदा उलटाव्या. रात्री घरात घ्याव्या. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तीन ते पाच दिवसांत फोड चिवट होते. दाबल्यावर ओलावा बोटास लागला नाही, म्हणजे ती तयार झाली. सालीसकट सुमारे पाच किलो केळ्यांपासून एक किलोच्या आसपास सुका माल मिळतो.

आता लाडवांची कृती. पाव किलो सुके केळे बारीक चिरावे. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, साले काढून, जाडसर कुटावे. शंभर ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजावे. शंभर ग्रॅम गूळ किसून घ्यावा. केळे फार गोड असल्यास गूळ निम्मा केला तरी चालेल. चवीस थोडी सुंठ व वेलदोडा घालून सर्व एकत्र कुटावे आणि हाताला तुपाचे बोट लावून लहान लहान लाडू वळावे. एवढ्या साहित्यात सुमारे अठ्ठावीस लाडू होतात. एका लाडवात साधारण ११० उष्मांक व तीन ग्रॅम प्रथिने येतात. केळे व गूळ तत्काळ बळ देतात. दाणे व तीळ ते बळ अधिक वेळ टिकवितात. तिळातून हाडांना उपयुक्त असा चुनाही मिळतो. सातपुड्याच्या रानातील चारोळी हाताशी असेल, तर मूठभर अवश्य घालावी. काजू-बदामांवाचून काहीच अडत नाही.

काही गोष्टींत मात्र हयगय नको. बुरशी लागलेला, काळवंडलेला अथवा कडू शेंगदाणा निष्ठुरपणे फेकून द्यावा. त्यातील विष यकृतास घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. पाच वर्षांखालील बालकास अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो; त्यांच्यासाठी मिश्रण अगदी बारीक करावे. दाणे अथवा तीळ खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, त्याला हा लाडू वर्ज्य. मधुमेही वडीलधाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा. पदार्थ दातांस चिकटतो, म्हणून मुलांना चूळ भरावयास लावावे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात लाडू पंधरा दिवस राहतात; पावसाळ्यात थोडेथोडेच करावे. शेवटी, लाडू हा भाकरी-वरणाची जागा घेणारा नव्हे. तो शाळेच्या मधल्या सुटीसाठी, शेतावरच्या दुपारसाठी अथवा यंत्रमागावरच्या पाळीसाठी आहे. आणि त्यासोबत पाणी भरपूर प्यावे.

फळे वाळविण्याचे हे दिवस बहुधा उपवासकाळाशी जुळून येतात. तेव्हा गोडधोड कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु पवित्र ख्रिस्तसभेने उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना साठावे वर्ष लागेपर्यंत घातला आहे. वाढत्या वयाच्या मुलांना तिने उपाशी ठेविलेले नाही. मोठ्यांनी आपला घास कमी करावा आणि वाचलेला घास दुसऱ्याच्या मुखी जावा, ह्यातच त्या काळाचे सार्थक आहे.

आणि येथे त्या मिसरी चाकराची आठवण पुन्हा होते. धन्याला तो निरुपयोगी वाटला. ज्यांचे त्याच्याशी कोणतेही नाते नव्हते, त्यांनी त्याला आपल्या शिदोरीतून दिले. आपल्या बागांत घड कापणाऱ्या व वाहणाऱ्या मजुरांची मुलेही बांधावर बसून असतात. तेव्हा माताभगिनींनो, लाडू वळताना आपल्या लेकरांची संख्या मोजा आणि तीत त्या मुलांचीही भर घाला. केळी आपल्याच भूमीची आहेत, ऊन परमेश्वर फुकट देतो. थोडे दाणे, थोडे तीळ आणि दोन सकाळींचे श्रम एवढेच काय ते आपल्या पदरचे.